थ्वाबाई आणि कोणाचा तरी स्वेटर

टेटचं नवं वर्ष चांगलं दोन महिने लांब असताना थ्वाबाईंनी कपाटावरची धूळ झाडायला काढली, ही मुळात चूकच झाली. व्हिएतनामच्या डोंगरातल्या दालातमधली बाकीची शहाणी माणसं हे काम सणाच्या आदल्या आठवड्यात करतात. तेव्हा इतकी घाई असते की वर जे काही सापडेल ते डोळे मिटून परत मागे ढकलता येतं. थ्वाबाईंना त्या रविवारी वेळ होता. बाहेर धुकं होतं, गॅसवर आटिचोकच्या फुलांचा काढा उकळत होता, आणि त्यांचे यजमान विन्हसर शाळेचे फाटके नकाशे मागून कापड लावून चिकटवत बसले होते. ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण नकाशे अजून घरी येत होते.

कपाटावर एक नायलॉनची पिशवी निघाली. पिशवीत थ्वाबाईंच्या माहेरच्या बांबूच्या सुया, वांगी रंगाच्या लोकरीचे चार गुंडे आणि एका स्वेटरची पाठ आणि पुढची बाजू. दोन्ही तुकडे काखेपर्यंत येऊन थांबलेले. त्याच्या वर काही नाही. बाह्या नाहीत, गळा नाही, कोणाचा याचा पत्ता नाही.

थ्वाबाई स्टुलावर उभ्या राहूनच विचार करू लागल्या. सुया आपल्या. पिशवी आपल्या घरातली. अर्धवट सोडलेलं काम, म्हणजे तर शंकाच नको, आपलंच.

कारण थ्वाबाईंची ती ख्यातीच होती. त्यांनी फ्रेंचचा वर्ग लावला होता, तो भूतकाळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. उशीच्या अभ्र्यावर बगळ्यांची जोडी भरायला घेतली होती, त्यातला एक बगळा आजही एका पायावर आणि बिनचोचीचा उभा होता. घराच्या फाटकाला त्यांनी निळा रंग द्यायला घेतला तेव्हा उजवं दार झालं आणि पाऊस आला, त्या गोष्टीलाही आता इतकी वर्षं झाली होती की गल्लीत पत्ता सांगताना लोक ‘अर्ध्या निळ्या फाटकाचं घर’ असंच सांगत. आणि हे सगळं कुठं, तर दालातमध्ये. जिथं बायका भाजी निवडता निवडता विणतात, बसची वाट बघताना विणतात, अंत्ययात्रेला आलेल्या पाहुण्याही मागच्या खोलीत बसून दोन ओळी उरकून घेतात. अशा गावात थ्वाबाई पन्नाशीच्या झाल्या होत्या आणि त्यांच्या हातून एकही स्वेटर पुरा झालेला नव्हता.

“काय सापडलं?” विन्हसरांनी मान वर न करता विचारलं.

“स्वेटर. विणायला घेतलेला.”

“कोणासाठी?”

“आठवत नाही.”

आता विन्हसरांनी मान वर केली. ते भूगोलाचे मास्तर. ज्या वस्तूला लांबी-रुंदी आहे ती मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी पाठीचा तुकडा आपल्या छातीला लावला. तो दोन्ही बाजूंनी त्यांच्या मागे वळला आणि जवळजवळ पाठीवर भेटायला निघाला. सर स्वतः वेळूच्या काठीसारखे. त्यांनी पट्टी घेतली, तुकडा टेबलावर पसरला, एकदा मोजला, पुन्हा मोजला.

“ही छाती माझी नाही,” ते म्हणाले.

वाक्य साधं होतं. पण ते बोलून झाल्यावर खोलीत बराच वेळ तसंच राहिलं. थ्वाबाई काढा गाळायला आत गेल्या.

संध्याकाळी सायगॉनहून मुलीचा फोन आला. ख्वे तिथं एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला होती. आईनं सहज म्हणून स्वेटरची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, “मी पुरा करणार आहे.”



“आई, बरं आहे ना तुला?” ख्वे म्हणाली. “ताप वगैरे नाही ना?”

“टेटच्या आधी पुरा करणार.”

“कर की. मी येताना फोटोवाला घेऊन येते. बाबांना सांग, फाटकाचं डावं दारही लगेहाथ...”

थ्वाबाईंनी फोन ठेवला आणि त्याच पावली सुया पुसायला घेतल्या. मुलीनं थोडं कमी हसून भागवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

*

पहिली अडचण लोकरीची. असलेल्या गुंड्यांमध्ये फार तर बगलेचा घाट झाला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर त्या पिशवी घेऊन बाजारात गेल्या. तिथं जिन्याजवळ त्वेतताईंचा स्वेटरचा गाळा. त्वेतताई त्यांच्या शेजारीण, वयानं दहा वर्षांनी मोठ्या आणि विणकामात अशा पटाईत की बोलताना त्यांच्या हातांकडे बघितलं की बोलणं ऐकू येत नसे. त्यांनी तुकडा हातात घेतला, ताणला, उलटा केला, नाकाशी नेला.

“हा रंग बंद झाला,” त्या म्हणाल्या. “आणि वीण बघ कशी आहे. एकसारखी, घट्ट. तेव्हा हात छान होता गं तुझा.”

‘तेव्हा’ या शब्दावर जोर होता. थ्वाबाईंनी तो गिळला.

शेजारच्या गाळ्यावरची बाई म्हणाली की सगळं उसवावं आणि पायमोजे करावेत. तिच्या पलीकडची म्हणाली की उसवू नये, जुनं उसवलं की घरात भांडणं होतात, वर राखाडी पट्टे टाकावेत. तिसरी नुसतीच उकडलेलं कणीस खायला थांबली होती, तिनं सांगितलं की तिच्या नणंदेनं असंच एक जुनं काम पुरं केलं आणि महिन्यात तिचं गुडघेदुखणं गेलं. थ्वाबाईंनी तिघींचंही ऐकून घेतलं आणि त्यांना जेवढं आधी कळत होतं तेवढंही कळेनासं झालं.

त्वेतताई मात्र एव्हाना तुकडा स्वतःच्या अंगाला लावून बघत होत्या. त्या चांगल्या भरलेल्या अंगाच्या होत्या.

“थ्वा,” त्या हळूच म्हणाल्या, “हा माझ्यासाठी घातलेला दिसतोय.”

“तुमच्यासाठी? ताई, तुम्ही स्वेटर विकता.”

“म्हणूनच. मला कोण विणून देणार? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू म्हणाली होतीस, ताई, काहीतरी करीन तुमच्यासाठी. मी काही बोलले नाही इतकी वर्षं.”

थ्वाबाईंना असं बोलल्याचं आठवेना. पण न बोलल्याचंही आठवेना. त्यांनी मान अशी हलवली की तिचा अर्थ होय, नाही किंवा मानेत लचक भरली आहे यांपैकी काहीही निघाला असता. त्वेतताईंनी होय असा काढला आणि गाळ्याच्या तळातून वांगीच्या जवळपासची लोकर शोधून दिली.

ही लोकर ट्यूबलाइटखाली अगदी तंतोतंत जुळत होती. बाहेर उजेडात आल्यावर ती जांभळी झाली. धुक्यात शिरल्यावर ती चॉकलेटी झाली. थ्वाबाई उतारावर थांबून पिशवीत बघत राहिल्या. मग शेजारीच मातीच्या साच्यांत बान्ह कानच्या, म्हणजे तांदळाच्या छोट्या गरम आंबोळ्या उतरत होत्या, त्यांनी ठेंगण्या स्टुलावर बसून एक थाळी मागवली. कांद्याची पात घातलेल्या पातळ रसात एकेक बुडवून खाताना त्यांना वाटलं, रंगाचं काय एवढं, ज्याचा असेल तो चालवून घेईल. फक्त तो कोण, हे कळायला हवं होतं.

*

थ्वाबाई वॉर्डाच्या कचेरीत रहिवासाचे दाखले देण्याच्या खिडकीवर बसत. खिडकीवर बसणाऱ्या माणसाचं तोंड लोकांना दिसतं, पण त्याचा खण दिसत नाही. त्यांनी विणकाम खणात ठेवलं. एक अर्ज, एक ओळ. शिक्का, दोन सुलट, दोन उलट, शिक्का.

एका बुधवारी त्या टाके मोजत असताना एक स्ट्रॉबेरीवाल्या बाई दाखल्याला आल्या. त्यांचं घर चौदा नंबरचं. थ्वाबाईंच्या सुईवर त्या क्षणी एकशे बारा टाके होते. दाखल्यावर काय गेलं ते बाईंना दोन दिवसांनी बँकेत कळलं.

“अहो ताई,” बाई खिडकीत वाकून शांतपणे म्हणाल्या, “एकशे बारा नंबरला दफनभूमी आहे. मी एवढ्यात तिकडे जायचं म्हणत नाहीये.”

थ्वाबाईंनी माफी मागितली आणि दुरुस्ती करायला घेतली. तेव्हा कळलं की एकदा शिक्का बसलेला पत्ता रद्द करायचा तर त्या पत्त्यावरच्या रहिवाशाची हरकत नाही अशी सही लागते. म्हणजे एकशे बारा नंबरच्या रहिवाशाची. नियम कोणी केला ते ठाऊक नव्हतं, पण तो भिंतीवर काचेत लावलेला होता. शेवटी थ्वाबाई आणि स्ट्रॉबेरीवाल्या बाई दोघी मिळून स्कूटरवरून टेकडीवर गेल्या. तिथल्या रखवालदारानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माझी हरकत नाही. बाकीच्यांचंही मी विचारून घेतलं असं समजा.” त्यानं सही केली.

प्रकरण तेवढ्यावर मिटलं असतं. पण कचेरीच्या उपप्रमुख साहेबांनी थ्वाबाईंना आत बोलावलं आणि विचारलं, “खणात काय आहे?”

थ्वाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. साहेबांनी तुकडा बाहेर काढला, दोन्ही हातांनी रुंद धरला. साहेबांचं पोट टेबलाला टेकलेलं असे. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग खिडकीबाहेर. त्यांचा आवाज बदलला.

“मार्चमध्ये मी निवृत्त होतोय हे तुम्हांला कोणी सांगितलं?”

थ्वाबाईंची नोकरी अजून पाच वर्षं बाकी होती. त्यांनी पुन्हा तीच लचक भरलेली मान हलवली.

“इतकी वर्षं इथं काढली,” साहेब म्हणाले, “घड्याळ देतील असं वाटलं होतं. घाई करू नका. सावकाश विणा. फक्त दाखल्यांत नको.”

त्या दिवसापासून साहेब खिडकीमागून जाताना पोट आत ओढून घेऊ लागले, बहुधा माप बदलू नये म्हणून.

*

घरी मात्र हवा बिघडत चालली होती. विन्हसरांनी त्या मोजमापाचा विषय पुन्हा काढला नाही, आणि हेच लक्षण वाईट होतं. ते माणसांच्या छातीकडे बघायला लागले. टपालवाल्याच्या, न्हाव्याच्या, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याच्या. बघायचे, मनात काहीतरी वजा करायचे आणि पुढे जायचे.

नवराबायकोचं रोज संध्याकाळी एक सुख असे. उताराच्या पायथ्याशी चोंगसरांच्या टपरीवर जायचं आणि गरम सोयाबीनचं दूध प्यायचं. चोंगसर विन्हसरांच्याच शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ही टपरी टाकली. माणूस आडवा, उंच, टपरीच्या मागे उभा राहिला की मागची भिंत दिसत नसे. थंडीत वाफाळता ग्लास दोन्ही हातांत धरून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत, भाजलेले शेंगदाणे एकेक तोंडात टाकायचे. याहून जास्त काही बोलायची गरज नसे.

त्या संध्याकाळी चोंगसरांनी थ्वाबाईंच्या बशीत मूठभर दाणे जास्त टाकले. ते नेहमीच टाकत. विन्हसरांनी बशीकडे बघितलं. मग त्यांची नजर चोंगसरांच्या छातीवर गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू प्रवास करून परत आली.

“तुला दाणे जास्त देतो तो,” घरी चढण चढताना ते म्हणाले.

“मी मागते म्हणून देतो. तुम्ही मागत नाही.”

“मला मागायची वेळ का यावी?”

दुसऱ्या दिवसापासून ते टपरीवर येईनासे झाले. घरीच बसून कडू काढा प्यायचे आणि कोणी विचारलं तर पोटाला बरा असतो म्हणून सांगायचे. थ्वाबाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग एका दुपारी पायरीवर ऊन खात बाही विणताना त्यांच्या मनात भलतंच आलं. समजा, खरंच असेल तर? तरुणपणी चोंगसरांनी त्यांना शाळेच्या मैदानावर बॅडमिंटन शिकवलं होतं. चार दिवस. पाचव्या दिवशी त्यांनी तेही सोडलं. त्या चार दिवसांत कधी तरी, कोणाला न सांगता, आपण त्यांच्यासाठी सुया हातात घेतल्या असतील का? थ्वाबाईंनी मनाचे कानेकोपरे धुंडाळले. काही सापडलं नाही. आणि गंमत अशी की सापडलं नाही याचं त्यांना जरा वाईट वाटलं. आयुष्यात एवढी मोठी भानगड झाली असेल आणि ती आपण विसरलो असू, तर मग फ्रेंच भूतकाळाची काय कथा.

त्यांनी सुई खाली ठेवली नाही, ही मात्र नोंद घेण्याजोगी गोष्ट. आजवर त्यांचं प्रत्येक काम असल्याच एखाद्या वळणावर थांबलं होतं.

*

स्वेटर वाढत गेला तसा त्याचा चेहरा विचित्र होत गेला. खालचा भाग घट्ट आणि नीटनेटका, वरचा सैल आणि जरा भांबावलेला. येणारीजाणारी प्रत्येक बाई खालच्या भागावरून हात फिरवून म्हणे, “किती सुंदर हात होता तुझा,” आणि वरच्या भागाबद्दल काही न बोलता चहा मागे. माप कोणाचं ते माहीत नसल्यामुळे थ्वाबाईंनी गळा अंदाजानं घेतला. खांदे त्वेतताईंच्या सल्ल्यानं घेतले, आणि त्वेतताईंचा सल्ला त्वेतताईंच्या खांद्यांचा होता. बाह्या त्यांनी दोन वेगवेगळ्या मनःस्थितींत विणल्या, त्यामुळे उजवी बाही डावीपेक्षा वीतभर लांब झाली.

गळ्याची पट्टी तेवढी बाकी असताना तो धुतला आणि दोरीवर टाकला. दालातच्या डिसेंबरात दोरीवर टाकलेला कपडा वाळत नाही, नुसता विचार करत लोंबकळतो. तीन दिवसांत स्वेटर हातभर लांबला. मग त्वेतताईंनी कोळशाच्या शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर तो पसरायला सांगितलं. निखारे फुकट जायला नकोत म्हणून थ्वाबाईंनी खाली चार रताळी पुरली. रताळी झकास भाजली गेली. दोघींनी ती साल काढून, फुंकर घालत, बोटं पोळून घेत खाल्ली. स्वेटरही वाळला, आटला, बराचसा पूर्वपदावर आला. फक्त त्याला रताळ्याचा वास लागला, तो पुढे गेला नाही.

“माझी हरकत नाही,” त्वेतताई म्हणाल्या. “मला रताळी आवडतात.”

शेवटचा टाका बंद केला तो एका शनिवारी, दिवस मावळायच्या सुमारास. थ्वाबाईंनी लोकर कापली, टोक आत ओवलं आणि हात मांडीवर ठेवले. पुढे काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. इथवर त्या कधी आल्याच नव्हत्या. उठावं, कोणाला सांगावं, की असंच बसावं? त्या तशाच बसल्या.

विन्हसर दारात उभे होते. त्यांनी आत येऊन स्वेटर उचलला, नकाशाची घडी घालावी तशी त्याची घडी घातली आणि काखेत धरली.

“चल,” ते म्हणाले. “ज्याचा आहे त्याला देऊन टाकू.”

“अहो, कोणाला?”

“मी काही बोलणार नाही. मला भांडण नको आहे. वस्तू तयार आहे, ती ज्याची त्याला मिळाली पाहिजे.”

ते उतार उतरू लागले. थ्वाबाई घरातल्या चपलांवरच मागे निघाल्या. “माझं ऐकून तरी घ्या,” त्या म्हणत होत्या, पण ऐकून घेतलं असतं तर काय सांगायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. बाजारातून परतणाऱ्या त्वेतताईंनी स्वेटर जाताना पाहिला आणि आपला माल चुकीच्या दिशेला चाललाय हे ओळखून त्याही मागे लागल्या.

टपरीवर पाचसात गिऱ्हाइकं ठेंगण्या स्टुलांवर बसली होती. विन्हसर थेट चोंगसरांसमोर उभे राहिले. उभे राहिल्यावर त्यांचं डोकं चोंगसरांच्या खिशापर्यंत आलं.

“चोंगसर,” ते म्हणाले, “ही तुमची वस्तू. घालून बघा.”

“माझी?” चोंगसरांनी हात पुसले. “मला कशाला? वाढदिवस तर होऊन गेला.”

“घाला. छातीला बरोबर बसेल.”

चोंगसर भला माणूस. कोणी घाल म्हटलं की घालणारा. त्यांनी स्वेटर डोक्यावरून ओढला. पोटावर तो आरामात उतरला, हात एक आखूड आणि एक लांब बाहीत गेले, पण गळा डोक्यावरून खाली येईना. थ्वाबाईंचा अंदाज तिथं चुकला होता. चोंगसर आतल्या आत धडपडू लागले. त्वेतताई एक बाही धरून म्हणाल्या, “फाडू नका हो, माझा आहे तो.” एका गिऱ्हाइकानं आपला ग्लास लांब सरकवून घेतला.

मग स्वेटरच्या आतून चोंगसरांचा आवाज आला, लोकरीतून गाळून आल्यासारखा.

“विन्हसर, ही ती माझ्या बहिणीनं दिलेली लोकर ना?”

“कोणती लोकर?” विन्हसर म्हणाले.

“अहो ती. बहीण विणकामाच्या सहकारी संघात होती बघा तेव्हा. रंग बिघडला म्हणून परत आलेल्या लडी. मी तुम्हांला आणून दिल्या होत्या.”

त्वेतताईंनी आणि दोन गिऱ्हाइकांनी मिळून स्वेटर वर ओढला आणि चोंगसर लालबुंद होऊन, केस उभे राहिलेल्या अवस्थेत बाहेर आले. त्यांचा चेहरा मात्र खुलला होता.

“हीच ती,” ते म्हणाले. “खेळाच्या खोलीत गाद्यांवर बसून विणायचात तुम्ही. शाळा सुटल्यावर. मी दोन हातांवर लडी धरून समोर बसायचो आणि तुम्ही गुंडा करायचात. कोणाला सांगू नका म्हणायचात. कोणी आलं तर आपण चेंडू मोजतोय असं सांगायचं ठरलं होतं.”

“मी?” विन्हसर म्हणाले.

“मग कोण? त्या वर्षी थंडी किती होती. बाई पोटुशी होत्या, त्यांचा कोट पुढून लागत नव्हता. त्या झोपल्या असताना तुम्ही दोरीनं माप घेऊन आला होतात. मी म्हटलंसुद्धा, सर, एवढं मोठं? तर म्हणालात, अजून महिनाभर वाढायचं आहे, थोडं जास्त धरलंय. मग मुलगी आधीच झाली. तुम्ही शाळेत केळी वाटलीत आणि परत खेळाच्या खोलीत काही आला नाहीत.”

टपरीवर दुधाचं पातेलं उकळत होतं. विन्हसर हळूहळू एका स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उगवत होती, आधी खोली, मग गाद्या, मग दोरी. टंचाईच्या काळात त्यांच्या आईनं घरातल्या सगळ्यांनाच सुया धरायला शिकवलं होतं. बायकोच्या सुया त्यांनीच दप्तरात घालून नेल्या होत्या. मुलगी आली त्या धावपळीत पिशवी कपाटावर फेकली होती. त्यानंतर दुपटी होती, ताप होते, शाळेची फी होती, आणि हा स्वेटर मनातून पुसून गेला होता, इतका की तो दुसऱ्या कोणाच्या छातीवर बघून त्यांनी इतके आठवडे कडू काढा प्यायला होता.

“थ्वा,” ते म्हणाले.

थ्वाबाईंनी स्वेटरकडे बघितलं. त्यांना एकाच वेळी इतक्या गोष्टी वाटत होत्या की त्यांतली कुठली आधी घ्यावी ते कळत नव्हतं. हा माणूस थंडीत गाद्यांवर बसून आपल्यासाठी विणत होता. हाच माणूस नंतर आपल्यावर संशय घेत होता. तो सुंदर, घट्ट, एकसारखा हात, ज्याचं गावभर कौतुक झालं, तो आपला नव्हताच. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती त्यांनी सावकाश बाहेर काढली.

“म्हणजे हा तुम्ही अर्धवट सोडलात,” त्या म्हणाल्या.

विन्हसरांनी मान हलवली.

“मी नाही सोडला.”

“नाही.”

“तुम्ही टाकलेला मी पुरा केला.”

“हो,” विन्हसर म्हणाले.

थ्वाबाईंनी हे गिऱ्हाइकांनाही नीट ऐकू गेलं आहे ना ते बघितलं. मग चोंगसरांच्या हातातून स्वेटर घेतला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, अंगात घातला. गळा बरोबर बसला. अंदाज घेताना नकळत त्यांनी स्वतःचाच घेतला असणार. पोटासमोर मात्र तो रिकाम्या पोत्यासारखा सुटला.

त्यांनी सुटलेला भाग दोन्ही हातांनी धरून पुढे ओढला आणि त्याच्याकडे बघितलं.

“एवढी होते मी?”

“ख्वे होती ना आत,” विन्हसर घाईनं म्हणाले.

“ख्वे एवढीशी होती. डॉक्टरांनी एका हातात धरली होती. बाकी कोण होतं मग?”

विन्हसरांनी चोंगसरांकडे बघितलं. चोंगसरांनी पातेल्यात पळी फिरवायला घेतली. अशा वेळी खेळाचा मास्तर भूगोलाच्या मास्तराला मदत करू शकत नाही.

“थोडं जास्त धरलं होतं,” विन्हसर पुटपुटले.

“बस, थ्वा,” त्वेतताई म्हणाल्या. “दूध पी. तुझाच आहे म्हणतात तर राहू दे.” त्यांचा आवाज जरा पडला होता. थ्वाबाई त्यांच्या शेजारी सरकून बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमच्यासाठी एक घालते मी. रंग तुम्ही निवडा.” त्वेतताईंनी त्यांच्याकडे संशयानं बघितलं आणि मग हसू आल्यासारखं दाखवलं. साहेबांना सोमवारी काय सांगायचं, हा प्रश्नही उरलेलाच होता. पण तो सोमवारचा होता.

चोंगसरांनी ग्लास आणले. या वेळी त्यांनी विन्हसरांच्या बशीत न मागता दाणे टाकले, इतके की ते सांडले. विन्हसर ते स्टुलाखालून वेचत राहिले. सगळे वेचून झाल्यावर त्यांनी बायकोच्या उजव्या हाताकडे बघितलं. बाही बोटांच्याही पुढे लोंबत होती.

“ही जास्त झालीये,” ते म्हणाले. त्यांचा हात पुढे आला होता. त्या हाताला आता सगळं आठवलं होतं. “दे इकडे. वीतभर उसवतो आणि टाके नीट बंद करून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे.”

थ्वाबाईंनी हात मागे घेतला.

“हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “तो पुरा झालाय.”

आणि ती वीतभर जास्तीची बाही तळहातावर ओढून त्यांनी गरम ग्लास उचलला.